कुठे उभं राहून म्हटलं

माझ्या आत्याकडे कुणी ‘युद्धस्य कथा रम्याः’ असं कोरून मागितलं की ती हातातलं काम बाजूला ठेवते, चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघते आणि विचारते, “उरलेलं कुठंय?”

गिऱ्हाईक गोंधळतं. उरलेलं काही असतं हेच त्याला माहीत नसतं. मग आत्या सांगते की मूळ सुभाषितात तीन गोष्टी आहेत: लांबचे डोंगर, नटवलेला चेहरा आणि युद्धाच्या गोष्टी. तिन्ही छान वाटतात, पण लांबून. “तुम्ही ‘लांबून’ तेवढं घरी विसरून आलात,” ती म्हणते. “आणि कामाचं तेवढंच होतं.”

बहुतेक जण हसून म्हणतात, जाऊ द्या हो, ट्रॉफीची पट्टी आहे, एवढं कुठे मावणार. तेही खरंच आहे. ट्रॉफीखालची पितळी पट्टी दहा सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद असते. स्पर्धेचं नाव, साल आणि क्रमांक गेल्यावर तीत एक ओळ उरते. मग म्हणीचा पाय कापायचा आणि तिला पट्टीत बसवायचं. आत्या तीस वर्षं अशा लंगड्या म्हणी कोरते आहे आणि तीस वर्षांतली निदान तेवीस वर्षं दर वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते आहे.

तिचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. वर दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे दिवसभर डोक्यावर एक यंत्र घूंघूं करतं आणि खाली आत्याचं दुसरं. “वरच्याने लोकांना ओरडायला लावायचं आणि मी त्यांना गप्प बसवायचं, अशी आमची वाटणी आहे,” असं ती सांगते. आत भिंतभर खणांचं कपाट आहे. प्रत्येक खणात अक्षरांचे साचे: स्वर वेगळे, व्यंजनं वेगळी, मात्रा, रफार, जोडाक्षरं वेगळी. मधोमध पॅंटोग्राफ. त्याच्या लोखंडी हातांचा एक चौकोन असतो. एका टोकाची सुई साच्यातल्या मोठ्या अक्षरावरून फिरवायची, की दुसऱ्या टोकाचं कटर तेच अक्षर निम्म्या आकारात पितळेत उतरवतं. मी यंत्रांचा डिप्लोमा केला, आता कारखान्यात याच्या शंभरपट महाग यंत्रांवर काम करतो, पण इतकं सरळ यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. सुई जिथे जाईल तिथेच कटर जातं. आपल्या मनाचं काही घालत नाही, काही गाळत नाही.

हे दुकान खरं तर तिच्या धाकट्या भावाचं व्हायचं होतं, म्हणजे माझ्या काकांचं. आजोबांनी तसं ठरवून ठेवलं होतं. पण काकांना एका जागी बसणं जमत नसे; चाकं असलेलं काहीही दिसलं की ते त्याच्या मागे. वीस वर्षांचे झाले आणि सैन्यात ट्रकचालक म्हणून निघून गेले. आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले, “आता मशीन कोण चालवणार?” आत्या म्हणाली, “मग मी इथे इतकी वर्षं माशा मारत होते का?” त्या दिवसापासून ती त्या स्टुलावर बसली ती बसलीच. लग्नाचं विचारायला कुणी आलं की ती मशीनकडे बोट दाखवायची. “यांच्याशी झालंय माझं. आवाज जरा जास्त करतात, पण पीत नाहीत.”

तेवीस वर्षांपूर्वी युद्ध झालं. सात आठवडे चाललं. काका त्यातून सुखरूप बाहेर पडले. ते गेले युद्धबंदीनंतर तिसऱ्या दिवशी.

झालं ते असं. युद्धबंदी झाल्यावर दोन्ही बाजूंनी ठरवलं की एकमेकांची प्रेतं एकमेकांना परत द्यायची. असलं काम कुणी मागून घेत नाही. काकांनी मागून घेतलं. ट्रकमध्ये शत्रूची प्रेतं भरायची, पुढे पांढरा कपडा बांधायचा, सीमेवरच्या पुलापर्यंत जायचं, तिथे ती उतरवायची आणि येताना आपली घेऊन यायची. अशा दोन फेऱ्या झाल्या. आमच्या भागातली बरीच पोरं एकाच पलटणीत होती, त्यामुळे त्या दोन फेऱ्यांत आमच्याच गावातले चौघे काकांच्या ट्रकमधून परत आले. तिसऱ्या फेरीत, जाताना, रस्ता उखडलेला होता म्हणून काकांनी ट्रक कडेला घेतला आणि चाक सुरुंगावर गेलं. ट्रकमध्ये काका होते आणि मागे शत्रूची अकरा प्रेतं. कोण कुठला हे वेगळं करता येईना, म्हणून बाराही जणांना तिथेच एका खड्ड्यात पुरलं.

हे आम्हाला सरकारने सांगितलं नाही. सरकारच्या पत्रात ‘वाहन अपघात’ असे दोन शब्द होते. सांगितलं ते काकांच्या जोडीच्या ट्रकचालकाने. तो घरी आला, दोन तास बसला, पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसला. त्याने त्या चौघांची नावं सांगितली, कोण पहिल्या फेरीत आला आणि कोण दुसऱ्या, तेही. आत्याने ते लिहून घेतलं. का लिहून घेतलं, हे तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं.

मग शोकसभा झाली. तिथे एकामागून एक माणसं उठली आणि बोलली. शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी ठेवावी लागते. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र. प्रेमात आणि युद्धात सगळं माफ असतं. हे तर एका माणसाने काकांचा फोटो समोर असताना म्हटलं. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. ती मला नेहमी सांगते, “उचलली जीभ लावली टाळ्याला. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अरे, हे पहिल्यांदा कुणी म्हटलं? कुठे उभं राहून म्हटलं? चिखलात की गादीवर?”

तो प्रश्न तिला सोडेना. ती दहावीपर्यंत शिकलेली. पण गावातल्या ग्रंथालयातल्या बाईंच्या दाराची पाटी तिने कोरली होती, त्या ओळखीवर ती दर आठवड्याला तिथे जाऊन बसू लागली. एकेक म्हण घ्यायची आणि तिच्या उगमापर्यंत जायचं. शांततेसाठी युद्धाची तयारी ठेवा, हे फार जुन्या एका साम्राज्याच्या पडत्या काळात सैन्याच्या कवायतीवर लिहिणाऱ्या माणसाचं. तो स्वतः कुठे लढल्याची नोंद सापडत नाही. “म्हणजे उंटावरून शेळ्या,” आत्या म्हणाली. शत्रूचा शत्रू मित्र, हा विचार राज्य कसं चालवावं याबद्दलच्या जुन्या ग्रंथातला. तिथे मित्र म्हणजे जिवाभावाचा माणूस नव्हे. शेजारचं राज्य शत्रू, म्हणून त्याच्या पलीकडचं राज्य मित्र, इतका तो कोरडा हिशेब. प्रेमातलं आणि युद्धातलं सगळं माफ करणारं वाक्य चार-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी गोष्टीच्या आसपास सापडतं. “मला वाटलंच,” आत्या म्हणाली. “हे म्हणणारा दोन्हीकडे गेलेला नसणार.”

ग्रंथालयातल्या बाई एकदा हसून तिला म्हणाल्या होत्या, “हे सगळं शोधून तुम्हाला काय मिळतं हो?” आत्या म्हणाली, “कुणावर चिडायचं ते नीट कळतं.”

यंदा उन्हाळ्यात गावातल्या बागेत त्या युद्धात गेलेल्यांचं स्मारक उभारायचं ठरलं. समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष झाले वक्ते. हे त्यांचं आडनाव नाही. शाळेत नववीत त्यांनी पहिली वक्तृत्व स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून सगळं गाव त्यांना वक्तेच म्हणतं. ते आत्याच्याच वर्गात होते. त्यांच्या सतरा ट्रॉफ्यांच्या पट्ट्या आमच्याच दुकानात कोरल्या गेल्या आहेत. शेवटच्या बारा तर आत्याने स्वतः. विषय कुठलाही असो, वक्ते युद्धावर येतात. युद्धावर मात्र ते कधी गेले नाहीत.

ते दुकानात आले तेव्हा मी तिथेच होतो, मशीनचा पट्टा बदलत होतो. त्यांच्याबरोबर दोन हमाल नव्वद बाय साठ सेंटिमीटरचा पितळेचा पत्रा घेऊन आले होते. चांगला सहा मिलिमीटर जाड.

“ताई, हे काम तुमच्याशिवाय कुणाला देणार?” वक्ते म्हणाले आणि त्यांनी यादी पुढे केली.

आत्याने नावांवरून बोट फिरवलं. खालपर्यंत गेली. परत वर आली.

“एकतीस आहेत.”

“हो.”

“बत्तीस हवेत.”

वक्त्यांनी खुर्ची ओढून घेतली. “मला माहीत होतं तुम्ही हे विचाराल. समितीने निकष ठरवलाय, ताई. युद्धकाळात, शत्रूशी लढताना. तुमच्या भावाचा तो अपघात होता. युद्धबंदीनंतरचा.”

“सुरुंग काय त्याने पेरला होता?”

“तसं नाही हो. पण ट्रकमध्ये त्या वेळी त्यांची माणसं होती. उद्या कुणी विचारलं, की शत्रूची सेवा करताना गेलेल्याचं नाव इथे कसं, तर मी काय सांगू?”

मी आत्याच्या हाताकडे बघत होतो. तिने टेबलावरचा पितळेचा कीस बोटाने गोळा करायला सुरुवात केली होती.

“आणि नावांच्या खाली ही ओळ,” वक्त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. “मरणान्तानि वैराणि. माझ्या भाषणाचा विषयच आहे तो. मरेपर्यंत वैर. आमंत्रणपत्रिकेवर छापूनसुद्धा झालं.”

तेव्हा आत्या हसली. तिचं हसणं ज्यांना माहीत आहे ते अशा वेळी दुकानाबाहेर जातात. मी पट्टा हातात धरून उभा राहिलो.

“शुक्रवारी वाचनाला या,” ती म्हणाली.

वाचन हा आमच्या दुकानाचा नियम आहे. पितळेवर खोडरबर चालत नाही. एकदा कटर टेकलं की टेकलं. म्हणून आत्या आधी सगळा मजकूर खऱ्या मापात कागदावर लावते आणि गिऱ्हाइकाला दुकानात बसवून तो मोठ्याने वाचायला लावते. मनात वाचलेलं चालत नाही. डोळा ओळखीचं नाव बघून पुढे सरकतो, जीभ सरकत नाही. गिऱ्हाईक एकेक ओळ वाचतं, आत्या लाल पेन्सिलने खूण करते, शेवटी गिऱ्हाईक खाली सही करतं. मोठमोठ्या साहेबांनी इथे स्टुलावर बसून स्वतःची नावं शाळेतल्या पोरासारखी वाचलेली आहेत.

त्या संध्याकाळी आम्ही काकूकडे गेलो. काकू कपडे शिवते. काका गेले तेव्हा ती चोवीसची होती आणि लग्नाला दोन वर्षं झाली होती. आत्याने तिला यादीचं सांगितलं. काकूने शिवणयंत्राचं पायडल थांबवलं.

“नाही म्हणाले?”

“म्हणाले अपघात होता.”

काकूने हातातल्या बाहीची शिवण नखाने सरळ केली. “जाऊ दे, वन्सं.”

“का जाऊ दे?”

“भांडून मिळालेलं काय कामाचं?” मग जरा वेळाने म्हणाली, “मला त्यांचं नाव मोठं व्हावं असं नव्हतं हो. मला नुसता हात लावायला काहीतरी हवं होतं. बाकीच्या बायकांना निदान एक जागा आहे. मी कुठे जाऊ? त्या खड्ड्यावर? तो तर आता सीमेपलीकडे, त्यांच्या बाजूला गेलाय.”

आत्या उठून बाहेर आली आणि चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला. मला त्या ‘निकष’ शब्दाचीच चीड आली होती. आमच्या कारखान्यात निकष असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे असतात, आणि त्यात न बसणारा भाग आम्ही बाजूला टाकतो. पण तिथे निदान मोजणाऱ्याने आधी माप घेतलेलं असतं.

शुक्रवारी वक्ते आले. आत्याने कागद टेबलावर पसरला होता. ते घसा साफ करून वाचू लागले. त्यांचा आवाज खरोखर चांगला आहे. पहिली सहा नावं त्या खोलीत घुमली. त्यांनी सातवं नाव वाचलं आणि आत्या खूण करता करता म्हणाली, “हा पहिल्या फेरीत आला.”

वक्त्यांनी वर पाहिलं. आत्याची नजर कागदावर होती. ते पुढे वाचू लागले. बाराव्या नावाला ती म्हणाली, “हाही पहिल्या फेरीत.” वीस नंबरला म्हणाली, “हा दुसऱ्या.”

“हे काय चाललंय, ताई?”

“तुम्ही वाचा. मी खुणा करतेय.”

सव्विसाव्या नावाशी वक्ते आपण होऊनच थांबले. “दुसऱ्या फेरीत,” आत्या म्हणाली. “झाले चार. हे चौघे घरी आले म्हणून यांच्या आयांनी यांची तोंडं पाहिली. ते कुणाच्या ट्रकमधून आले, हे समितीला माहीत आहे का?”

“मला... नव्हतं माहीत.”

“आता झालं. पुढे वाचा. खालची ओळ राहिली.”

“मरणान्तानि वैराणि.” या वेळी आवाज घुमला नाही.

“कुठलं आहे हे?”

“संस्कृत आहे.”

“ते मलाही दिसतंय. पहिल्यांदा कुणी म्हटलं? कुठे उभं राहून?”

वक्ते चिडले. “हे बघा ताई, ही काय परीक्षा आहे का? अर्थ उघड आहे. वीरांचं वैर मरेपर्यंत टिकतं.”

“अर्थ राहू द्या, मी जागा विचारतेय. नाही माहीत? मी सांगते. हे एका फार जुन्या महाकाव्यातलं आहे. युद्ध संपलंय. हरलेला राजा मातीत पडलाय. त्याचा सख्खा भाऊ जिंकणाऱ्यांच्या बाजूचा. तो म्हणतो, मी याला अग्नी देणार नाही, हा पापी होता. तेव्हा जिंकलेला माणूस त्याला म्हणतो, वैर मरणाशी संपतं. आपलं काम झालं. आता याचे संस्कार कर; तो जसा तुझा, तसा माझाही.” आत्याने पेन्सिल खाली ठेवली. “शत्रूच्या प्रेताशेजारी उभं राहून म्हटलंय हे. प्रेताला नीट निरोप द्या, म्हणून म्हटलंय. तुम्ही ते उचलून माईकपुढे आणलंत.”

वर दाताचं यंत्र सुरू झालं आणि थांबलं.

“या गावात हे वाक्य एकाच माणसाने पाळलं,” आत्या म्हणाली. “शत्रूची प्रेतं त्याने स्वतःच्या हातांनी उचलली आणि त्यांच्या घरच्यांकडे पोचवायला निघाला. तुम्ही त्याचं नाव गाळलंत आणि वाक्य तेवढं ठेवून घेतलंत.”

“मला संस्कृत तुम्ही शिकवणार?”

“तुमचं पाठांतर होतं. वर्गात तुमच्या मागेच बसायचे मी.”

वक्ते उभे राहिले. “निकष समितीचा आहे. मी एकटा काही करू शकत नाही.”

“मग वाक्य काढा. वाक्य ठेवायचं तर नाव घाला. दोन्हीतलं एक करा.”

“हे काम मी बाहेरही देऊ शकतो. शहरात लेझरवर एका दुपारी होतं.”

“द्या की. लेझर काही विचारत नाही.”

ते सही न करता गेले. जाताना म्हणाले की सोमवारी पत्रा न्यायला माणसं पाठवतो.

शनिवारी आत्याने मला स्कूटर काढायला लावली. पिशवीत तो तेवीस वर्षांपूर्वीचा कागद होता. आम्ही त्या चौघांच्या घरी गेलो.

पहिल्या घरी एक म्हातारे वडील होते, बसवाहक म्हणून निवृत्त झालेले. आत्याने त्यांना सगळं सांगितलं. “पांढरा कपडा बांधला होता, म्हणतेस?” त्यांनी विचारलं. “हो.” “आणि त्यानेच उचललं त्याला?” “त्यानेच.” म्हातारे म्हणाले, “मला वाटायचं सरकारने पाठवलं. मी सरकारचे आभार मानत होतो, बघ.” दुसऱ्या घरी भाऊ होता, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. त्याने तेलकट हात पुसले, कागदावरचं आपल्या भावाचं नाव पाहिलं आणि एवढंच विचारलं, “वक्ते कुठे राहतात?” तिसऱ्या घरी बहीण होती, परिचारिका. ती आमच्यासमोरच रडली आणि मग रडल्याबद्दल आमच्यावरच रागावली.

चौथ्या घरी आईने दार उघडलं. साखळी काढली नाही. फटीतून सगळं ऐकून घेतलं.

“त्यांचीही उचलली ना त्याने?” तिने विचारलं. “त्याच हातांनी?”

“हो,” आत्या म्हणाली.

“माझ्या पोराला ज्यांनी मारलं त्यांची.”

“हो.”

“मग जा तू.”

दार लागलं. मला वाटलं, आता आत्या दारावर थाप मारणार, काहीतरी सुनावणार. ती वळली आणि जिना उतरू लागली. खाली आल्यावर मी म्हणालो, “हिलाही ते वाक्य सांगायला हवं होतं.”

“गाढवा,” आत्या म्हणाली. “ती स्वतःच्या पोराच्या प्रेतापुढे उभी राहून बोलतेय. तिला मी काय सांगणार? मला राग आहे तो खुर्चीत बसून बोलणाऱ्यांचा.”

सोमवारी पत्रा न्यायला कुणी आलं नाही. कारण रविवारी संध्याकाळी सायकलवाला वक्त्यांच्या घरी जाऊन आला होता. त्याच्या हातात तिन्ही घरांच्या सह्यांची चिठ्ठी होती. त्यात दोनच ओळी होत्या: ट्रकचालकाचं नाव घाला, नाहीतर आमची तीन काढा. तीन नावं कुटुंबांनीच काढायला लावली, ही बातमी गावात फिरली असती तर समितीला तोंड लपवायला जागा उरली नसती. समितीची तातडीची बैठक झाली.

बुधवारी वक्ते नवी यादी घेऊन आले. चेहऱ्यावर मोठा समेट करून आल्याचा भाव होता.

“समितीने मोठ्या मनाने निर्णय घेतलाय, ताई.”

आत्याने यादी पाहिली. एकतीस नावं, त्याखाली एक रेघ, रेघेखाली ‘इतर’ असा मथळा आणि मथळ्याखाली एकच नाव.

मी तिला खूप वेळा चिडलेलं पाहिलंय. पण त्या दिवशी ती एवढ्या हळू बोलली की मला मशीन बंद करावं लागलं.

“इतर,” ती म्हणाली. “आतल्या खोलीत कुणी झोपायचं आणि ओसरीवर कुणी, हे मेल्यावरही तुम्हीच ठरवणार.”

“नाव तर आलं ना? तुटेपर्यंत ताणू नका, ताई.”

“तुटलंय तेवीस वर्षांपूर्वी. आता ताणायचं काय उरलंय?” तिने लाल पेन्सिल उचलली, रेघ खोडली, मथळा खोडला. “यादी आद्याक्षरांनी लावलीय ना? मग त्याचं नाव अठराच्या खाली येतं. तो तिथेच राहील. पटत नसेल तर पत्रा तो बघा, हमाल बोलवा.”

उद्घाटनाला बारा दिवस उरले होते. वक्त्यांनी पत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी कटरला तेल देत होतो आणि मला एका माणसाचा इतका राग यापूर्वी कधी आला नव्हता. शेवटी ते म्हणाले, “बरं. पण मग ती खालची ओळ नको. उगाच वाद होतील.”

“आता ती राहणार.”

“अहो, माझं सगळं भाषण त्यावर बेतलंय. तुम्ही सांगितलंत त्या अर्थाने मी ते करू कसं?”

“भाषण तुमचं आहे. तुम्ही बदला.”

त्यांनी बत्तीस नावं वाचली. एकोणिसाव्या नावाला त्यांची जीभ अडली, पण वाचलं. सही केली आणि निरोपही न घेता गेले.

आत्याने ते काम आठ दिवसांत केलं. एवढा पत्रा आमच्या मशीनवर एका वेळी बसत नाही. दर चार ओळींनी तो सोडवायचा, सरकवायचा, पुन्हा गुण्याने, म्हणजे काटकोनी पट्टीने, जुळवायचा. मी कारखाना सुटला की जाऊन मदत करायचो. साध्या पट्टीवर ती अक्षर अर्धा मिलिमीटर खोल घेते. इथे तिने सगळी नावं दीड मिलिमीटर खोल घेतली. एका कटरचं टोक मोडलं, दुसरं झिजलं. मी म्हणालो, इतकं कशाला, वाचायला अर्धा पुरतो. ती म्हणाली, “वाचायला पुरतो.”

उद्घाटनाला बागेत दोनशे खुर्च्या होत्या. चौथ्या घरची आईही आली होती, शेवटच्या रांगेत, कुणाशी न बोलता. पत्र्यावरचं कापड निघालं, टाळ्या झाल्या आणि वक्ते माईकपुढे आले. त्यांनी सैन्याचं कौतुक केलं, शौर्याचं केलं. मग ते त्या ओळीवर आले. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली.

“मरणान्तानि वैराणि,” वक्ते म्हणाले. थांबले. “या थोर वचनाचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनाशी लावावा.”

“पळाला,” आत्या म्हणाली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

वक्ते तिथून थेट शत्रूवर गेले. शत्रू असा, शत्रू तसा, शत्रूला विसरू नका. आवाज पुन्हा घुमायला लागला होता. त्या भरात असतानाच काकू उठली. तिने मला किंवा आत्याला काही विचारलं नाही. खुर्च्यांमधून वाट काढत ती सरळ पत्र्यापाशी गेली, वरून खाली नावं शोधत आली आणि एकोणिसाव्या ओळीवर तिने हात ठेवला. मग तळहात काढून एक बोट लावलं आणि ते अक्षराच्या खाचेतून फिरवू लागली, पहिल्या अक्षरापासून.

छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत गेला. “बाई, भाषण चाललंय. नंतर बघा, नंतर.”

तोवर आत्या तिथे पोचली होती. “तुमचं चालू द्या,” ती म्हणाली. माईक जवळच होता, त्यामुळे ते सगळ्या बागेला ऐकू गेलं. “तिचं झालं की आम्ही जातो.”

वक्ते गप्प झाले. हातातला कागद त्यांनी उलटला, परत सुलटा केला. दोनशे माणसं काकूच्या पाठीकडे बघत होती आणि काकूला घाई नव्हती. तिचं बोट आडनावापर्यंत आलं, शेवटच्या काना-मात्रेपर्यंत गेलं आणि पुन्हा पहिल्या अक्षरावर आलं.

“झालं?” आत्याने विचारलं.

“नाही,” काकू म्हणाली. “पण चला, वन्सं. उद्या येईन, ही माणसं नसताना.”